दोन सिलिंडरची गाडी स्लोवर लंगडते: आधी आजारी बाजू शोधा, मग पाना उचला

तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. रेल्वे फाटकाशी गाडी उभी केली की आरपीएमचा काटा १२०० वरून ९०० वर येतो, परत वर जातो, हँडल थरथरतं, मध्येच एक ठोका चुकतो आणि कधी इंजिन बंदच पडतं. जरा रेस दिली की सगळं सुरळीत. हायवेला ८० च्या वेगात तर काही जाणवतही नाही. प्लग बदलला, आठ दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. "गाडी स्लोले ऱ्हातच नही" असं सांगत गॅरेजला गेलं की पहिला उपाय ठरलेला: स्लोचा (म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं त्या वेगाचा) स्क्रू अर्धा आटा आत. आरपीएम वाढतो, लंगडणं झाकलं जातं आणि दुखणं आत तसंच राहतं. म्हणून पहिली विनंती ही की बिघाड सापडेपर्यंत त्या स्क्रूला हात लावू नका.

दोष स्लोवरच का दिसतो, हे समजलं तर निम्मी शोधाशोध वाचते. स्लोवर थ्रॉटल (रेस दिल्यावर उघडणारी हवेची झडप) जवळजवळ बंद असतो. सिलिंडरमध्ये जाणारी हवा इतकी थोडी असते की रबरातल्या केसाएवढ्या भेगेतून शिरणारी चोरटी हवासुद्धा मिश्रण बिघडवते. तीच भेग ५००० आरपीएमला नगण्य ठरते. शिवाय वेगात एक सिलिंडर कमजोर पडलं तरी दुसरं आणि फ्लायव्हीलचा जोर मिळून त्याला ओढून नेतात. स्लोवर तेवढा जोरच शिल्लक नसतो.

इथे आपण इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेन्टल जीटी ६५० (दोन्हींचं इंजिन ६४८ सीसी), निन्जा ३००, आर३ अशा फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या धरतोय. राजदूत ३५० साठी शेवटी वेगळा भाग आहे. येझदी किंवा जुन्या जावा २५० ला दोन सायलेन्सर असतात, पण सिलिंडर एकच. खालची अदलाबदलीची पद्धत तिथे लागू होत नाही.

आधी ठरवा: हा बिघाडच आहे का?

इंटरसेप्टरचा क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरकीत बदलणारा दांडा) २७० अंशांचा आहे. दोन स्फोटांमधलं अंतर एकदा २७० अंश आणि एकदा ४५० अंश पडतं. त्यामुळे तिचा ठोका मुळातच विषम असतो. निन्जा ३०० आणि आर३ ला १८० अंशांचा क्रँक आहे, तिथे अंतर १८० आणि ५४० अंश. चार सिलिंडरच्या गाडीसारखी सलग गुणगुण या इंजिनांकडून अपेक्षितच नाही. विषम असला तरी ठोका ठरलेल्या लयीत परत परत येत असेल, काटा ५० आरपीएमच्या आत हलत असेल आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या हाताला दोन्हीकडे सारखा दाब लागत असेल, तर गाडी निरोगी आहे. बिघाडाची खूण म्हणजे लय मोडणं: मधूनच 'फुस्स' होणं, एका सायलेन्सरमधून येणारा दाब दुसऱ्यापेक्षा कमी वाटणं, काटा शंभर-दोनशेने खाली-वर डुलणं.

सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर पहिला मिनिटभर स्लो वाढलेला असतो, तोही नेमलेलाच. निर्णय इंजिन पूर्ण तापल्यावर घ्या.

आजारी बाजू शोधणं

दोन सिलिंडरच्या गाडीची मोठी सोय ही की निरोगी सिलिंडर आजारी सिलिंडरचं माप बनतं. एका सिलिंडरच्या गाडीत पुस्तकातले आकडे शोधावे लागतात, इथे शेजारीच तुलना उभी आहे. ती करण्याआधी काहीही खोलणं म्हणजे अंधारात पाना फिरवणं.

सगळ्यात साधी चाचणी पाण्याची. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करा, रेस देऊ नका. ३०–४० सेकंदांनी फवाऱ्याच्या बाटलीने दोन्ही बेंड पाइपांवर (इंजिनच्या हेडमधून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपांवर), हेडपासून चार बोटं अंतरावर, अगदी हलका शिडकावा करा. एका पाइपवर पाणी लगेच उडून गेलं आणि दुसऱ्यावर थेंब रेंगाळले, तर रेंगाळणारी बाजू आजारी. बेंड पाइप दुहेरी भिंतीचा असेल तर बाहेरचा पत्रा तापायला वेळ लागतो, म्हणून पोर्टच्या जवळात जवळच्या जागी बघा. आधीच लालबुंद तापलेल्या पाइपवर मात्र पाणी टाकू नका.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, पण चकचकीत क्रोमवर तो खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतो. दोन्ही पाइपांवर नेमक्या एकाच जागी, एकाच अंतरावरून धरा आणि आकडा न बघता फरक बघा. सुरुवातीच्या दोन मिनिटांत ४०–५० अंशांचा फरक टिकून राहिला तर उत्तर मिळालं.

दुसरी चाचणी याहून पक्की. इंजिन तापवा, बंद करा, एका सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढा आणि गाडी सुरू करून बघा. निरोगी बाजूचं काढलं की गाडी एकदम खचते किंवा बंद पडते. आजारी बाजूचं काढलं तर फारसा फरक पडत नाही, कारण ते सिलिंडर तसंही काम करत नव्हतं. चाचणी १०–१५ सेकंदांतच आटपा. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागेल. कनेक्टर परत बसवून गाडी काही वेळा चालू-बंद केली की किंवा स्कॅनरने तो जातो.

प्लगची कॅप चालू इंजिनवर उपटायची जुनी सवय या गाड्यांवर सोडून द्या. ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइलवर ताण येतो, हाताला जबर झटका बसू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं. कन्व्हर्टर त्या उष्णतेने आतून वितळतो आणि त्याची किंमत सगळ्या दुरुस्तीपेक्षा जास्त असते.

दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या तर दोष दोघांच्या सामायिक वाटेवर आहे: पेट्रोल, पंप, बॅटरी, एअर फिल्टर, स्लोची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह किंवा एखादा सेन्सर. त्याकडे नंतर येऊ.

अदलाबदल

आजारी बाजू कळली की एकेक सुटा भाग डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे करा. डावं-उजवं सीटवर बसून ठरवायचं, आणि काढण्याआधी टेपवर 'डा' आणि 'उ' लिहून चिकटवायचं. पहिल्यांदा प्लग. मग कॅप. मग कॉइल, दोन वेगळ्या असतील तर. मग इंजेक्टर. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पाण्याची किंवा कनेक्टरची चाचणी. दोष त्या भागाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर गुन्हेगार सापडला. जागचा हललाच नाही तर भाग निर्दोष आहेत आणि कारण त्या सिलिंडरमध्येच आहे: चोरटी हवा, टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेली फट) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब).

प्लग काढण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. आपल्याकडे हे ऐच्छिक नाही. धुळे–शिरपूर किंवा जळगाव–चोपडा रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या त्या खड्ड्यात काळ्या मातीची चिमूट-दोन चिमूट धूळ बसलेली असतेच, आणि प्लग निघाला की ती थेट सिलिंडरमध्ये उतरते. परत बसवताना प्लग आधी बोटांनी पूर्ण फिरवून मगच पाना लावा. टॉर्क प्लगच्या आट्यांवर ठरतो: १० मिमीच्या प्लगला १०–१२ न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५–२०, १४ मिमीला २५–३०. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग वॉशर टेकल्यापासून अर्धा फेरा, वापरलेला प्लग टेकल्यावर जेमतेम आवळा. इंजिन गार असतानाच. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात.

प्लगचा रंग बघायचा तर हायवेवरून येऊन बघू नका. पाच मिनिटं स्लोवर चालवून तिथेच बंद करा आणि मग काढा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओला आणि पेट्रोलचा वास असलेला प्लग म्हणजे ठिणगीच नाही. ओला, चिकट आणि काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढुरका खरखरीत म्हणजे हवा जास्त. पण एकटा रंग फसवतो. डाव्या-उजव्या प्लगच्या रंगातला फरकच खरा बोलतो.

कॅपमध्ये बहुधा ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. मल्टीमीटरवर दोन कॅपांमध्ये मोठा फरक असेल किंवा एकीचा आकडा अनंत येत असेल तर ती बदला. वॉशिंग सेंटरला प्रेशरने धुतल्यानंतर दोन-तीन दिवसांत लंगडणं सुरू झालं असेल तर सगळ्यात आधी प्लगचा खड्डा बघा. त्याला पाणी निघून जायला एक बारीक भोक असतं. ते चिखलाने किंवा कुंभारमाशीच्या घराने बुजलं की पाणी साठतं आणि ठिणगी कॅपच्या बाहेरूनच हेडवर उडते. रात्री अंधारात गाडी चालू ठेवून कॅपजवळ निळसर चमक दिसते का ते बघा. भोक पातळ तारेने मोकळं करा.

चोरटी हवा

भाग बदलूनही दोष जागेवरच राहिला तर पहिला संशय थ्रॉटल बॉडी आणि हेड यांच्यामधल्या रबरी बूटवर. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४–४५ ला जातो, त्यात एअर-ऑइल कूल्ड इंजिनला लागून असलेलं हे रबर वर्षानुवर्षं शेकतं. ते बाहेरून नीट दिसतं. भेग बहुधा खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या कडेला असते. बोटाने वाकवून आणि आरसा लावून बघा.

चाचणी साबणाच्या पाण्याने करा. स्लोवर चालू इंजिनच्या प्रत्येक सांध्यावर थोडं थोडं फवारा. भेगेवर पाणी पडलं की ते आत ओढलं जातं आणि क्षणभर स्लो बदलतो. कार्ब क्लीनरचा फवारा जास्त स्पष्ट उत्तर देतो, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो पेट घेतो. तोच वापरायचा असेल तर मोकळ्या जागेत, अर्ध्या सेकंदाच्या झोताने, आणि जवळ अग्निशामक किंवा वाळूची बादली ठेवून.

बूट ठीक निघाला तरी थांबू नका. प्रत्येक थ्रॉटल बॉडीवर व्हॅक्यूम गेज लावण्यासाठी एक बारीक नळी असते आणि तिच्यावर रबरी टोपी. दहा-वीस रुपयांची ही टोपी उन्हाने तडकते आणि त्या एकाच सिलिंडरला चोरटी हवा मिळते. महागडे सेन्सर बदलून झाल्यावर शेवटी टोपी सापडल्याची प्रकरणं विरळ नाहीत. कार्बन कॅनिस्टरकडे (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणाऱ्या डब्याकडे) जाणारी नळीही तपासा. बरेच जण कॅनिस्टर काढून टाकतात आणि नळीचं इंजिनकडचं टोक तसंच उघडं सोडतात.

क्लॅम्प आवळताना जोर लावू नका. बूट नीट बसलेला नसेल तर क्लॅम्प कितीही आवळला तरी हवा शिरतच राहते आणि रबर मात्र कापलं जातं.

बेंड पाइप आणि हेडमधलं गास्केट फुटलं असेल तर उलट दिशेने फसगत होते. पाइपमध्ये बाहेरची हवा शिरते, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये 'पटपट' आवाज येत असेल आणि गार इंजिनवर हेडपाशी टिकटिक ऐकू येत असेल तर गास्केट बघा.

टॅपेट

टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून लोक निश्चिंत असतात, आणि तिथेच चुकतं. ढिला टॅपेट आवाज करतो, घट्ट टॅपेट गप्प राहतो. व्हॉल्व्ह सीटमध्ये थोडा थोडा रुतत गेला की फट कमी होते, तापल्यावर ती उरतच नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन स्लोवर गळतं. "गार असताना ठीक, तापल्यावर लंगडते" या तक्रारीत हे कारण फार वेळा निघतं.

फट गार इंजिनवर मोजायची असते आणि अनेक मॅन्युअलमध्ये इंजिन ३५ अंशांपेक्षा कमी असावं अशी अट असते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हे अशक्यच आहे, कारण रात्रभर बंद असलेली गाडीसुद्धा दुपारी बाराला ४० च्या वर असते. गाडी रात्री सावलीत ठेवा आणि पहाटे सहाला काम सुरू करा.

दोन्ही प्लग काढा म्हणजे क्रँक हलका फिरेल. क्रँक नेहमीच्या दिशेनेच फिरवा आणि एका सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणा. खूण जुळली तरी रॉकर हाताने हलवून बघा: इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही किंचित सैल लागले तरच ती जागा बरोबर, नाहीतर पूर्ण एक फेरा पुढे न्या. दुसऱ्या सिलिंडरसाठी क्रँक पुन्हा फिरवून त्याचं वेगळं टोक गाठावं लागतं. २७० आणि १८० अंशांच्या क्रँकवर दोन्ही सिलिंडर एका जागेवर मोजता येत नाहीत, आणि घाईत नेमकं तसंच केलं जातं.

इंटरसेप्टरला प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आहेत आणि स्क्रू-लॉकनटने फट बसवता येते. फटीचं माप आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. इनटेक आणि एक्झॉस्टचं माप वेगळं असतं. फीलर गेज किंचित अडखळत सरकला पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा. एकाच सिलिंडरच्या दोन इनटेक व्हॉल्व्हमध्येही फरक ठेवू नका. निन्जा ३०० आणि आर३ ला शिम (फट ठरवणाऱ्या चकत्या) असतात, त्यासाठी कॅमशाफ्ट काढावा लागतो; अनुभव नसेल तर मोजून आकडे लिहून ठेवा आणि पुढचं काम जाणकाराला द्या.

कॉम्प्रेशन

इंजिन कोमट, दोन्ही प्लग बाहेर, इंजेक्टरची कनेक्टरं काढलेली, बॅटरी पूर्ण भरलेली, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी. पाच-सहा सेकंद सेल्फ मारून गेज वाचा. दोन सिलिंडरमध्ये १०–१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कमी असलेल्या बाजूला चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली, इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून टाका आणि परत मोजा. आकडा चढला तर रिंग-सिलिंडर झिजलेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. एवढ्यावर कळतं की पुढे हेड उघडायचं की नुसतं टॅपेटवर भागेल.

दोन्ही बाजू सारख्याच लंगडत असतील तर

एअर फिल्टर काढा आणि उजेडासमोर धरा. काळ्या मातीच्या पट्ट्यात आणि वाळूचे डंपर चालतात त्या रस्त्यांवर पुस्तकात दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर फिल्टर बदलावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. कागदी फिल्टर धुवू नका, त्याला ऑइल लावू नका, उलट्या बाजूने जोरात हवा मारू नका. बॉक्सची आतली बाजूही बघा. कापसाच्या मोसमात घरात किंवा वखारीत कापूस असेल तर उंदीर त्याची गादी थेट एअरबॉक्समध्ये करतात. महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे आधी तपासा.

नंतर पेट्रोल. टाकीच्या तळाचं १०० मिली पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. सध्या पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्यातलं इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, आणि पंपाची जाळी नेमकी तळाशीच असते. पावसाळ्यात महिनाभर उभी राहणारी गाडी टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हणजे आत दमट हवेला जागा उरत नाही. टाकीच्या श्वासनळीत कुंभारमाशीने माती भरली असेल तर गाडी वीसेक मिनिटं चालून लंगडते आणि झाकण उघडल्यावर 'फस्स' होऊन बरी होते.

बॅटरी: गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५. स्लोवर हेडलाइट लावल्यावर १२.५ च्या खाली घसरत असेल तर आधी चार्जिंग दुरुस्त करा. पंप आणि कॉइल दोघांनाही वीज कमी पडते.

थ्रॉटल बॉडी आणि स्लोचा व्हॉल्व्ह साफ करताना क्लीनर कापडावर घेऊन पुसा. थेट आत फवारू नका. आतल्या फटी बंद करणारा लेप निघून जातो आणि क्लीनर सेन्सरमध्ये शिरतो. रंगाची खूण केलेला थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो, तो अजिबात फिरवायचा नाही.

सिंक सगळ्यात शेवटी

दोन्ही थ्रॉटल बॉडी सारखी हवा घेतात का, हे जुळवणं म्हणजे सिंक. ठिणगी, रबर, टॅपेट आणि कॉम्प्रेशन ठीक असल्याची खात्री झाल्यावरच याला हात घाला. घट्ट टॅपेट असलेल्या सिलिंडरची ओढ कमी असते. गेज बघून ती स्क्रूने जुळवली तर एक दोष दुसऱ्या दोषाने झाकला जातो, आणि पुढे टॅपेट नीट केल्यावर सगळं पुन्हा बिघडतं.

जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये दोन बाजूंच्या ओढीतला फरक बहुधा १० मिमी पाऱ्याच्या, म्हणजे साधारण १.३ किलोपास्कलच्या आत ठेवायला सांगतात. गेज नसेल तर नळीने काम होतं: ६ मिमी आतल्या व्यासाची पाचेक मीटर पारदर्शक नळी, दीड-दोन मीटरच्या फळीवर यू आकारात बांधा, तळाशी अर्धा मीटर भरेल एवढं टू-टी ऑइल, आणि दोन्ही टोकांजवळ मत्स्यालयाच्या हवेच्या नळीला असतो तसा एकेक नॉब जवळजवळ बंद करून, म्हणजे थरथर कमी होते. १.३ किलोपास्कल म्हणजे या नळीत १५–१६ सेंटिमीटरचा फरक. आपण तो दोन-तीन सेंटिमीटरवर आणू शकतो.

धोका एकच, पण मोठा. चालू इंजिनवर एक टोक निसटलं तर उरलेली ओढ अडीच मीटर पाण्याएवढी असते आणि ऑइल क्षणात इंजिनमध्ये जातं. म्हणून प्रत्येक टोक आधी एका रिकाम्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत आणा आणि बाटलीतून दुसरी नळी इंजिनकडे न्या. नळ्या काढताना आधी इंजिन बंद.

इंजिन तापलेलं हवं, पण उभ्या गाडीला वारा नसतो. समोर मोठा पंखा लावा आणि सलग पाच मिनिटांहून जास्त चालू ठेवू नका. कोणता स्क्रू फिरवायचा हे मॉडेलवर ठरतं: काहींना दोन बॉडींमधल्या जोडणीचा स्क्रू असतो, काहींना प्रत्येक बॉडीचा हवेचा बायपास स्क्रू. बायपास स्क्रूच्या गाडीत एक बाजू प्रमाण धरा आणि फक्त दुसरी फिरवा. पाव आटा फिरवून थांबा, एकदा हलकी रेस द्या, स्थिरावल्यावर परत वाचा.

राजदूत ३५० आणि कार्ब्युरेटरच्या गाड्या

१९८० च्या दशकात एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० वरून बनवलेली ही ३४७ सीसीची टू-स्ट्रोक गाडी खान्देशात अजून जिव्हाळ्याने सांभाळली जाते. तिच्यात प्रत्येक सिलिंडरचा कार्ब्युरेटर, पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारा विजेचा संपर्क) आणि कंडेन्सर वेगळा. म्हणजे अदलाबदलीची पद्धत इथे आणखी उपयोगी.

आजारी बाजू शोधायला इंजिन बंद करून एका बाजूची कॅप काढा, तिच्यात सुटा प्लग बसवून तो इंजिनच्या धातूला पक्का टेकवा, आणि गाडी काही सेकंद एका सिलिंडरवर चालवा. मग दुसरी बाजू.

पॉइंटची फट ०.३० ते ०.४० मिमी. फट बदलली की टायमिंग बदलतं, म्हणून आधी फट, मग डायल गेजने टायमिंग, आणि डावं-उजवं स्वतंत्र. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला.

कार्ब्युरेटरमध्ये पहिला संशय पायलट जेटवर (स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या जेटवर). काडीने किंवा तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवून हवा मारा. स्लाइड (कार्ब्युरेटरमधली वर-खाली सरकणारी झडप) जुळवायला दोन सारखे ३ मिमीचे ड्रिल बिट घ्या, त्यांचा गुळगुळीत दांडा एकेका स्लाइडखाली ठेवा आणि थ्रॉटल हळूहळू उघडा. दोन्ही बिट एकाच क्षणी सैल पडले पाहिजेत, नाहीतर केबलचा ॲडजस्टर फिरवा. एअर स्क्रू दीड आटा बाहेर ही सुरुवात. या मिकुनी पद्धतीच्या कार्ब्युरेटरवर स्क्रू आत घेतला की मिश्रणात पेट्रोल वाढतं.

ई-२० मुळे या गाड्यांवर खरा फरक पडतो. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट. ईसीयू ते सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही, आणि मिश्रणात हवा जास्त होते. एअर स्क्रू पाव ते अर्धा आटा आत घेऊन भागत नसेल तर पायलट जेट एक नंबर मोठा टाका. तोरणमाळला, साधारण ११५० मीटर उंचीवर, हवा पातळ होते आणि तोच कार्ब्युरेटर उलट दिशेने थोडा जड होतो, म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. वर स्लो जरा जाड वाटला तर तिथे सेटिंग बदलू नका.

आणि क्रँकचं ऑइल सील. एक बाजू कायम गरम, स्लो स्थिरच होत नाही, रेस सोडल्यावर आरपीएम वर अडकून राहतो, तर डाव्या बाजूचं, म्हणजे पॉइंटकडचं सील हवा ओढत असण्याची शक्यता मोठी. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं तर उजवा सायलेन्सर दाट पांढरा धूर टाकतो, प्लग ओला राहतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरते. सील फुटलेली गाडी मिश्रण वाढवून चालवत राहू नका. डाव्या सीलच्या चोरट्या हवेने मिश्रण विरळ होतं आणि उन्हाळ्यात लांब पल्ल्याला पिस्टन जाम होतो. क्रँककेस उघडली की दोन्ही सील एकदमच बदला.